वेगाची शाळा

१९६३ सालच्या डिसेंबर महिन्याची ती पहिली तारीख होती. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल नावाचे शहर आहे. तेथील अर्ध्या मैलाच्या मातीच्या मार्गावर त्या दिवशी मोटारींची शर्यत चालली होती. एकंदर दोनशे फेऱ्या पुऱ्या करावयाच्या होत्या. शेवटच्या पंचवीस फेऱ्या उरल्या असता ३४ क्रमांकाच्या एका जुन्या शेव्हरोले मोटारीने रिचर्ड पेटी ह्या नामांकित चालकाला मागे टाकले आणि ती आघाडीवर गेली. यथावकाश तिने अखेरची फेरी पूर्ण केली. आता काळ्या-पांढऱ्या चौकटींचे विजयाचे निशाण फडकावयाचे. परंतु निशाण हलले नाही. चालक चकित झाला व मोटार तशीच पुढे हाकीत राहिला. थोड्या वेळाने बक बेकर ह्या दुसऱ्याच चालकाला विजयी म्हणून जाहीर करण्यात आले. करंडक त्याला मिळाला. प्रेक्षक आपापल्या घरी गेले. काही तासांनी अधिकाऱ्यांनी फेऱ्यांची पुन्हा मोजदाद केली, तेव्हा ३४ क्रमांकाची मोटार बेकरच्या दोन फेऱ्या पुढे होती, असे त्यांना कबूल करावे लागले. बक्षिसाची रक्कम खऱ्या विजेत्याच्या हाती आली. करंडक मात्र केव्हाच निघून गेला होता.

त्या विजेत्याचे नाव वेंडेल स्कॉट. ते कृष्णवर्णी होते. मोजणीत चूक झाली, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. परंतु आपल्या कातडीचा रंगच करंडकाच्या आड आला, हे स्कॉट यांचे मत अखेरपर्यंत कायम राहिले. त्या करंडकाला त्यांच्या घरी पोहोचावयास पुढे किती वर्षे लागली आणि मधल्या काळात काय काय घडले, हे समजण्यासाठी प्रथम हा खेळ समजून घेतला पाहिजे.

‘स्टॉक कार’ म्हणजे दुकानात विक्रीस ठेवलेली, कोणासही विकत घेता येईल अशी साधी मोटार. अशा मोटारींच्या शर्यतींचा उगम मोठा चमत्कारिक आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात चोरून दारू गाळणारे लोक रात्रीच्या वेळी ती मोटारींतून शहरांत नेत. पोलिसांना चकविण्यासाठी ते आपल्या मोटारींची इंजिने दुरुस्त करून अधिक वेगवान बनवीत. पुढे कोणाची मोटार अधिक वेगाने धावते, ह्याची पैज लागू लागली आणि शेतातील मोकळ्या जागांवर शर्यती होऊ लागल्या. ह्या विस्कळीत खेळाला शिस्त लावण्याचे काम बिल फ्रान्स ह्या गृहस्थाने केले. १९४७ च्या डिसेंबरात डेटोना बीच येथे त्याने शर्यतीशी संबंधित मंडळींची बैठक भरविली आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ‘नासकार’ ही संस्था स्थापन झाली. आजच्या शर्यतीच्या मोटारी नावापुरत्याच दुकानातील मोटारींसारख्या दिसतात. आतून त्या केवळ शर्यतीसाठी घडविलेल्या असतात.

दुरून पाहणाऱ्याला वाटते की, गोल गोल फिरण्यात कौशल्य ते कोणते? वस्तुतः हा खेळ फार कठीण आहे. डेटोना येथील मार्ग अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे चार किलोमीटरांचा आहे. त्यावर मोटारी ताशी ३०० किलोमीटरांच्या आसपास वेगाने धावतात. वेगाने जाणारी कोणतीही वस्तू सरळ रेषेतच जाऊ पाहते. तिला वळवावयाचे तर आतल्या बाजूने रेटावे लागते. सपाट रस्त्यावर हे काम केवळ टायरांच्या घर्षणावर अवलंबून राहील व एवढ्या वेगात ते घर्षण अपुरे पडून मोटार बाहेर फेकली जाईल. म्हणून वळणावर मार्गाची बाहेरची कड उंच उचललेली असते. डेटोनाच्या वळणाचा उतार ३१ अंशांचा आहे. म्हणजे त्यावर मनुष्यास सरळ उभे राहणेही अवघड. अशा उतारावर रस्ताच मोटारीला आतल्या बाजूस ढकलतो. जत्रेत लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवरून गरगर फटफटी चालविणारा मनुष्य ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ह्यातील मर्म चटकन उमगेल.

ह्याखेरीज वाऱ्याचेही एक गणित असते. पुढची मोटार हवा कापीत जाते, त्यामुळे तिच्या पाठीशी हवेचा विरोध कमी होतो. तिला अगदी चिकटून चालणाऱ्या मोटारीला त्याचा लाभ मिळतो. इतकेच नव्हे, तर एकामागे एक अशा दोन मोटारी एकट्या मोटारीपेक्षा अधिक वेगाने धावू शकतात. म्हणून चालक एकमेकांपासून हातभर अंतरावर मोटारी ठेवून चालवितात. एकाची चूक झाली की दहा-वीस मोटारी एकमेकींवर आदळतात. मोठी शर्यत ५०० मैल चालते, म्हणजे तीन-चार तास. मोटारीच्या आतील उष्णता ५० अंशांच्या आसपास पोहोचते. तेवढा वेळ डोळा, हात, पाय आणि बुद्धी ह्या सर्वांना क्षणाचीही उसंत नसते.

ह्या सर्व गुणांचा कातडीच्या रंगाशी काय संबंध? काहीच नाही. स्त्री की पुरुष, ह्याच्याशी काय संबंध? तोही नाही. ह्या खेळात स्त्रियांची शर्यत निराळी आणि पुरुषांची निराळी, असा भेदच नाही. सर्वांनी एकाच मार्गावर, एकाच वेळी धावावयाचे असते. तरीही कित्येक वर्षे ह्या शर्यतींत धावणारे बहुतेक सर्व चालक गौरवर्णी पुरुषच होते. असे का व्हावे?

ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर वेंडेल स्कॉट यांच्या आयुष्यात सापडते. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे झाला. मोटारदुरुस्तीचे पहिले धडे त्यांनी वडिलांपासून घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याबरोबर युरोपात गेले व तेथे त्यांनी मेकॅनिकचे काम केले. परत आल्यावर त्यांनी आपले लहानसे गॅरेज काढले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णी लोकांच्या शाळा निराळ्या, खाणावळी निराळ्या, आगगाडीचे डबेही निराळे असत. १९५२ साली स्कॉट प्रथम शर्यतीच्या मार्गावर उतरले. आरंभी कित्येक मैदानांवरून त्यांना नुसत्या रंगामुळे परत पाठविण्यात आले. तथापि त्यांनी हाय खाल्ली नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून त्यांनी नासकारचा परवाना मिळविला आणि १९६१ साली ते तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या शर्यतींत धावू लागले.

इतर नामांकित चालकांच्या पाठीशी मोटारींचे कारखाने असत. नव्या मोटारी, कसबी कारागीर व भरपूर पैसा असे. स्कॉट यांच्याजवळ दुसऱ्यांनी वापरून टाकलेली मोटार, जुने टायर आणि स्वतःची मुले एवढेच बळ होते. शर्यतीच्या वेळी टायर बदलावयास त्यांचे मुलगेच उभे राहत. मोटार दुरुस्त करणारा, तिला शर्यतीच्या गावी नेणारा व शर्यतीत चालविणारा मनुष्य एकच असे. एकलव्याने गुरूवाचून धनुर्विद्या साध्य केली, तसाच हा प्रकार होता. एवढ्या अडचणींत ते वरच्या श्रेणीच्या ४९५ शर्यती धावले आणि त्यांपैकी १४७ शर्यतींत पहिल्या दहांत आले. १९७३ साली टॅलाडेगा येथील मोठ्या अपघातात ते गंभीर जखमी झाले व तेथून त्यांचे शर्यतीतील जीवन संपल्यासारखेच झाले. २३ डिसेंबर १९९० रोजी त्यांचा मृत्यू झाला. तोपर्यंत दुसरा एकही कृष्णवर्णी चालक नासकारची वरच्या श्रेणीची शर्यत जिंकू शकला नव्हता.

वास्तविक १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने निराळ्या खाणावळी व निराळी आसने ह्यांवर बंदी आली होती. कायद्याने दार उघडले. मग आत येणारे का नव्हते? ह्याचे कारण पैशात आणि परंपरेत आहे. शर्यतीचा चालक एका दिवसात घडत नाही. सात-आठ वर्षांचे मूल ‘कार्ट’ नावाच्या छोट्या गाडीवर बसते, तेव्हापासून त्याचे शिक्षण सुरू होते. पुढे मोठी मोटार, सुटे इंजिन, टायरांचे जोड, ती सर्व वाहून नेणारी गाडी, अपघातानंतरची दुरुस्ती, असा खर्च वाढतच जातो. क्रिकेटची बॅट आणि चेंडू घेऊन गल्लीत खेळता येते. मोटारशर्यत गल्लीत शिकता येत नाही. म्हणून ज्यांच्या घरी ही विद्या आधीच होती, त्यांच्याच मुलांना ती मिळाली. ली पेटी ह्याने १९५९ साली डेटोनाची पहिली ५०० मैलांची शर्यत जिंकली. त्याचा मुलगा रिचर्ड ह्याने दोनशे शर्यती जिंकल्या. रिचर्डचा मुलगा काइल हाही चालक झाला. अर्नहार्ट घराण्यातही राल्फ, डेल आणि धाकटा डेल अशा तीन पिढ्या धावल्या. ह्या मंडळींचे कर्तृत्व थोर होते, ह्यात शंका नाही. परंतु ज्याच्या बापाला मैदानात पाऊल टाकू दिले नाही, त्याच्या मुलाला घरातून हा वारसा कोठून मिळणार?

स्त्रियांची कथाही याहून फार निराळी नाही. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे नासकारच्या नव्या मालिकेची पहिली शर्यत झाली, तेव्हा सारा ख्रिश्चन नावाची स्त्री तीत चालक म्हणून उतरली होती. म्हणजे आरंभापासूनच स्त्रिया ह्या खेळात होत्या. पण त्या मोजक्याच राहिल्या. १९७६ साली जॅनेट गथ्री ह्या शार्लट येथील ६०० मैलांच्या शर्यतीत धावल्या व पंधराव्या आल्या. त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती, विमानविद्येच्या क्षेत्रात अभियंता म्हणून काम केले होते आणि त्यांना विमानही चालविता येत होते. पुढच्याच वर्षी डेटोनाच्या ५०० मैलांच्या शर्यतीत त्या बाराव्या आल्या. स्त्रीच्या अंगी एवढी शर्यत पुरी करण्याचे बळ असते काय, अशी शंका घेणाऱ्यांना त्यांनी मोटार चालवूनच उत्तर दिले. परंतु शर्यतीचा खर्च सोसणारा आश्रयदाता त्यांना सातत्याने लाभला नाही आणि थोड्याच वर्षांत त्यांना थांबावे लागले. स्कॉट काय किंवा गथ्री काय, गुण असूनही साधनांवाचून अडल्याची ही दोन ठळक उदाहरणे होत.

ही उणीव भरून काढण्यासाठी २००४ साली नासकारने एक योजना सुरू केली. तिचे नाव ‘ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी’ असे होते. ‘ड्राइव्ह’ ह्या इंग्रजी शब्दाचे मोटार हाकणे आणि मोहीम असे दोन्ही अर्थ होतात. विविधतेसाठी काढलेली ही मोहीम होती. अल्पसंख्य समाजांतील तरुण आणि सर्व समाजांतील तरुणी ह्यांना चालक होण्याचे शिक्षण द्यावे, असा तिचा हेतू होता. आरंभी निवडलेल्या चालकांना निरनिराळ्या लहान संघांकडे सोपविण्यात येई. ह्या व्यवस्थेत एक दोष होता. सर्व संघांची साधने सारखी नसत. एकाला चांगली मोटार मिळाली, तरी दुसऱ्याला तशी मिळेलच असे नव्हते. शिकणाऱ्याचे कौशल्य पाहावयाचे, तर त्याच्या हाती चालण्याजोगी मोटार तरी असावयास हवी.

ह्यावर ‘रेव्ह रेसिंग’ हा संघ तोडगा ठरला. मॅक्स सीगल ह्या कृष्णवर्णी वकिलाने तो उभा केला. सीगल ह्यांनी संगीताच्या व्यवसायात नाव मिळविले होते व पुढे नासकारमधील एका मोठ्या संघाचे ते अध्यक्षही झाले होते. २०१० सालापासून योजनेतील चालक ह्या एकाच संघाच्या छत्राखाली धावू लागले. संघाचे ठाणे नॉर्थ कॅरोलिना राज्यात होते. अनेक मोठ्या संघांची गॅरेजे ह्याच मुलखात असल्यामुळे शिकणाऱ्यांना ह्या विद्येच्या माहेरघरीच राहावयास मिळाले.

ह्या वेगाच्या शाळेत प्रवेश मिळविणे सोपे नव्हते. शरद ऋतूत होतकरू चालकांची परीक्षा घेण्यात येई. तीत धावणे, उड्या मारणे व वजन उचलणे ह्यांवरून शरीराची कसोटी लागे. त्यानंतर प्रत्यक्ष मार्गावर मोटार चालवून दाखवावी लागे. तेथे घड्याळ हाच परीक्षक. आणि घड्याळाला कोणाचे नाव, गाव वा रंग कळत नाही. सर्वांत वेगवान फेरी कोणाची, एवढेच न पाहता प्रत्येक फेरी सारख्या वेळात कोण पुरी करतो, टायर जपून कोण वापरतो, मोटारीतील बिघाड नेमक्या शब्दांत कोण सांगू शकतो, हेही पाहिले जाई. कारण मोटार उजवीकडे ओढते की डावीकडे, वळणावर तिचे पुढचे टायर घसरतात की मागचे, हे चालकाने नीट सांगितले, तरच कारागिरांना ती सुधारता येते.

शाळेत जशा इयत्ता असतात, तशा ह्या खेळातही पायऱ्या आहेत. प्रथम गावोगावच्या लहान मार्गांवरील शर्यती. मग प्रादेशिक मालिका. त्यानंतर मालवाहू धाटणीच्या ट्रकांची मालिका. पुढे दुसऱ्या श्रेणीच्या मोटारींची मालिका. आणि सर्वांच्या वर ‘कप’ मालिका. रेव्ह रेसिंगचे मुख्य काम पहिल्या दोन इयत्तांत होते. पाया पक्का करून विद्यार्थ्याला वरच्या शाळेच्या दारापर्यंत पोहोचवावयाचे, हे त्या संघाचे ध्येय. पुढची पायरी ज्याची त्याने आपल्या कर्तबगारीवर चढावयाची.

चालकांबरोबर योजनेने आणखी एका कामाचे शिक्षण दिले. शर्यत चालू असता मोटारी मधूनमधून बाजूच्या पट्टीवर येऊन थांबतात. ह्या जागेला ‘पिट’ म्हणतात. तेथे जॅक लावून मोटार उचलावयाची, चारही टायर बदलावयाचे आणि पेट्रोल भरावयाचे, एवढे सारे काम पाच माणसे दहा-बारा सेकंदांच्या आसपास उरकतात. एका चाकाला पाच नट असत, त्या काळी एका खेपेस वीस नट काढून पुन्हा वीस नट आवळावे लागत. येथे एका सेकंदाची दिरंगाई झाली, तर मार्गावर कित्येक जागा गमवाव्या लागतात. ह्या कामासाठी महाविद्यालयांतील खेळाडूंना शोधून शिकविण्यात आले. व्हर्जिनियातील ब्रिहॅना डॅनियल्स ही अशांपैकी एक. महाविद्यालयात ती बास्केटबॉल खेळत असे. मोटारशर्यतींशी तिचा काहीही संबंध नव्हता. परंतु चपळपणा व चिकाटी हे गुण तिच्या अंगी होते. ती टायर बदलावयास शिकली आणि जुलै २०१८ मध्ये डेटोना येथील कप मालिकेच्या शर्यतीत पिटमध्ये उतरली. कप शर्यतीत हे काम करणारी ती पहिली कृष्णवर्णी स्त्री होय.

शिकलेल्या चालकांपैकी काहींनी मोठे नाव कमावले. डॅनियल सुआरेझ हा मेक्सिकोतील मॉन्टेरे शहराचा मुलगा. तो अमेरिकेत आला, तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हते. चित्रपट आणि व्यंगचित्रपट पाहून तो ती भाषा शिकला. कारागिराला मोटारीचे दुखणे सांगावयाचे तर भाषा यावयासच हवी! २०१६ साली त्याने दुसऱ्या श्रेणीच्या मालिकेचे अजिंक्यपद मिळविले. नासकारच्या राष्ट्रीय मालिकेत हा मान मिळविणारा अमेरिकेबाहेर जन्मलेला तो पहिला चालक ठरला. १२ जून २०२२ रोजी सोनोमा येथे त्याने कप मालिकेची शर्यत जिंकली. मेक्सिकोत आनंदाच्या प्रसंगी खाऊने भरलेली ‘पिन्याटा’ नावाची कागदी आकृती, आपल्याकडील हंडीप्रमाणे, फोडण्याची चाल आहे. सुआरेझने त्या दिवशी एका ठोशात तशी पिन्याटा फोडून आपला विजय साजरा केला.

कॅलिफोर्नियातील काइल लार्सन हा मातेच्या बाजूने जपानी वंशाचा. २०१२ साली रेव्ह रेसिंगच्या मोटारीतून त्याने प्रादेशिक मालिकेचे अजिंक्यपद जिंकले आणि पुढे २०२१ व २०२५ ह्या दोन्ही वर्षी तो कप मालिकेचाच अजिंक्यवीर झाला. राजा कॅरुथ ह्या वॉशिंग्टनच्या मुलाची कथा तर आणखी निराळी. त्याच्या घरी शर्यतीची परंपरा नव्हती. संगणकावरील आभासी शर्यतींत चालविण्याचा सराव करून त्याने योजनेत प्रवेश मिळविला. त्यानंतर खऱ्या मोटारीत बसून तो शिकला आणि १ मार्च २०२४ रोजी लास वेगास येथे ट्रकांच्या मालिकेतील शर्यत जिंकून दाखविली. ह्याच योजनेतून तयार झालेली साउथ कॅरोलिनाची इझाबेला रोबस्टो पुढे अर्का नावाच्या मालिकेत धावू लागली. तथापि २०२५ सालापर्यंत कप मालिकेची शर्यत एकाही स्त्रीला जिंकता आलेली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. शाळा काढली की त्याच दिवशी सारे विद्यार्थी पंडित होतात, असे नाही.

अशा योजनेविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ज्याचा वेग अधिक, त्याने पुढे जावे, हा खेळाचा न्याय. मग काहींनाच हात देणे हा अन्याय नव्हे काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु वेग मोजण्यासाठी आधी मोटारीत बसावे लागते, ही गोष्ट त्यात विसरली जाते. योजनेने कोणासही एक फेरीही सवलतीची दिली नाही. कोणाचे घड्याळ मागे केले नाही, की कोणासाठी मार्ग आखूड केला नाही. ज्यांना आरंभरेषेपर्यंतच येता येत नव्हते, त्यांना तिने तेथवर आणून उभे केले. त्यापुढील प्रत्येक मैल त्यांनी स्वतः कापला.

ह्या योजनेचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे डॅरेल वॉलेस. लोक त्याला ‘बब्बा’ म्हणतात. त्याचा जन्म १९९३ साली अलाबामा राज्यातील मोबील येथे झाला. मार्च २०१० मध्ये रेव्ह रेसिंगच्या मोटारीतून प्रादेशिक मालिकेतील आपली पहिलीच शर्यत त्याने जिंकली. तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये मार्टिन्सव्हिल येथे त्याने ट्रकांच्या मालिकेतील शर्यत जिंकली. नासकारच्या राष्ट्रीय पातळीवरील शर्यतीत स्कॉट यांच्यानंतर पन्नास वर्षांनी कृष्णवर्णी चालकाला मिळालेला तो पहिला विजय होता. पुढच्या वर्षी त्याच मार्गावर त्याने आपल्या ट्रकावर मुद्दाम ३४ हा आकडा घातला आणि तीही शर्यत जिंकून स्कॉट यांना मानवंदना दिली.

वॉलेसचे कार्य केवळ शर्यती जिंकण्यापुरते राहिले नाही. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. त्यात गुलामगिरी टिकविण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणी राज्यांचे निशाण शर्यतीच्या मैदानांवर सर्रास फडकत असे. कृष्णवर्णी प्रेक्षकाला ते पाहून काय वाटत असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. जून २०२० मध्ये वॉलेसने हे निशाण मैदानांवरून काढावे, अशी जाहीर मागणी केली. दोनच दिवसांत नासकारने त्यावर बंदी घातली. ह्या मागणीमुळे पुष्कळांचा रोष त्याला पत्करावा लागला. परंतु तो आपल्या म्हणण्यापासून ढळला नाही.

आता पुन्हा त्या हरवलेल्या करंडकाकडे वळावयास हवे. २०१५ साली नासकारच्या कीर्तिमंदिरात वेंडेल स्कॉट यांना स्थान देण्यात आले. तरीही १९६३ च्या त्या विजयाचा करंडक संस्थेकडून त्यांच्या घरी आला नव्हता. अखेर २८ ऑगस्ट २०२१ रोजी, स्कॉट यांच्या जन्माला शंभर वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, डेटोनाच्या मैदानावर त्यांच्या कुटुंबीयांच्या हाती करंडक समारंभपूर्वक देण्यात आला. जो हात त्यावर ठेवला जावयास हवा होता, तो हात निघून गेल्याला तीस वर्षे उलटली होती.

त्यानंतर पाच-सहा आठवडेच लोटले असतील. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, ज्या टॅलाडेगाच्या मार्गावर स्कॉट जखमी झाले होते, त्याच मार्गावर कप मालिकेची शर्यत चालली होती. पाऊस आला आणि शर्यत थांबविण्यात आली. त्या क्षणी सर्वांच्या पुढे वॉलेसची मोटार होती. पाऊस थांबत नाही, असे पाहून त्याला विजयी घोषित करण्यात आले. स्कॉट यांच्या विजयानंतर सत्तावन्न वर्षे व दहा महिन्यांनी कृष्णवर्णी चालकाने कप मालिकेची शर्यत जिंकली होती. हा पावसाचा प्रसाद आहे, असे म्हणणारेही काही निघाले. वॉलेसने २०२२ साली कॅन्सस येथे आणि २०२५ च्या जुलै महिन्यात इंडियानापोलिस येथे शर्यती जिंकून त्यांचे तोंड बंद केले.

वेंडेल स्कॉट यांच्यापाशी वेग होता, धैर्य होते, मोटारीचे ज्ञान होते. त्यांना शाळा मात्र मिळाली नाही. त्यांनी भोगलेले कष्ट पुढच्या मुलांना पुन्हा तसेच भोगावे लागू नयेत, म्हणून ही शाळा उभी राहिली. एखाद्या मैदानावर एकाच प्रकारची माणसे दिसतात, तेव्हा इतरांच्या अंगी तो गुणच नसावा, असा तर्क घाईघाईने केला जातो. तो तर्क करण्यापूर्वी मैदानाचे दार उघडे आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. आणि दार उघडे असूनही आत येण्याची साधने कोणापाशी आहेत, हेही तपासले पाहिजे. जॅक्सनव्हिल येथे ज्या दिवशी निशाण हलले नाही, त्या दिवशी हानी एकट्या स्कॉट यांची झाली नाही. त्यांना पाहून ज्या मुलांनी मोटारीत बसण्याचे धाडस केले असते, त्या अनेक मुलांची वाट त्याच दिवशी अडविली गेली. ती पुन्हा मोकळी व्हावयास जवळजवळ साठ वर्षे लागली.